नाकेदारांची बुर्जी

डाव बरोबरीत सुटला म्हटलं की लोकांना बरं वाटतं. कुणी हरलं नाही, कुणाचं तोंड उतरलं नाही, दोघंही हात झटकून चहा प्यायला मोकळे. मला हे ऐकलं की राग येतो. राग माझ्या नाकावरच असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, म्हणोत बापडे. माझे वडील स्पर्धेतला शेवटचा डाव खेळले तो बरोबरीतच सुटला होता, आणि त्या बरोबरीनं त्यांचं जे झालं ते दहा डाव हरून झालं नसतं.

अप्पा सोलापूरच्या म्युनिसिपालिटीत जकातनाक्यावर होते. शहरात येणाऱ्या गाडीतला माल बघायचा, जकात लावायची, पावती फाडायची, हे त्यांचं काम. सगळं गाव त्यांना नाकेदार म्हणे, ते पेन्शनीत निघाल्यावरसुद्धा. नाक्यावर पत्र्याची एक छपरी होती, तिच्यात एक बाकडं आणि बाकड्याखाली बुद्धिबळाचा पट. मोहोळच्या बाजूनं येणाऱ्या धान्याच्या गाड्या सकाळीच येऊन जात. दुपारी रस्ता भाजून निघाला की तिकडं कुत्रंही फिरकत नसे. तेव्हा पट बाकड्यावर यायचा.

समोर बसणारा माणूस ठरलेला. शहराच्या पूर्वभागात त्यांचे हातमाग होते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा ठसकेबाज मराठी. अप्पा त्यांना मालक म्हणत, मी मागवाले काका म्हणे. सुताचे गठ्ठे घेऊन गाडी नाक्याला लागली की काका उतरत, जकात भरत, गाडीवानाला पुढं पाठवत आणि स्वतः तिथंच ठाण मांडत. जिंकले तर घरी जाताना भेटेल त्याला थांबवून डाव सांगत, कुणी विचारलेलं नसलं तरी. हरले तर अप्पांनी उन्हाचा कसा फायदा घेतला ते सांगत. अप्पा मात्र जिंकले काय नि हरले काय, पटावरची मोहरी पिशवीत भरून परत पावत्या फाडायला बसत. मला लहानपणी वाटे की अप्पांना खेळाचं काही नाहीच. तसं नव्हतं. रात्री जेवताना भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेनं मांडून ते दुपारचा डाव पुन्हा खेळत, आणि आई म्हणे, आता तो वजीर खाऊन टाका.

आमच्याकडे तेव्हा देशी पद्धतीचा खेळ. विलायती खेळात प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जाऊ शकतं, आमचं एकच घर जायचं, त्यामुळं डाव सावकाश उघडायचा. सुरुवातीच्या काही खेळ्या दोघांनी आपापल्या बाजूला एकदमच मांडून घ्यायच्या, मधली रेघ ओलांडायची नाही, आणि मग पाळीनं खेळायचं. अप्पांची ही मांडणी सगळ्या पेठेत माहीत होती. राजापुढचं आणि वजिरापुढचं प्यादं एकेक घर वर, त्यांच्या आडोशाला उंट, आत दोन्ही घोडे, आणि एकूण एक मोहऱ्याला मागून दुसऱ्याचा जोर. त्यातून कुणाला पार होता येत नसे. लोक त्या मांडणीलाच 'नाका' म्हणत. नाकेदारांनी नाका बांधला, आता भरा जकात, असं काकाच मोठ्यानं म्हणत आणि पगडी मागं सारून विचारात पडत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देशी खेळात समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, तर जिंकत आलेला डाव हातचा जायचा. त्याला बुर्जी म्हणायचं. बुर्जी म्हणजे बरोबरी. म्हणून जिंकणाऱ्यानं शत्रूचं निदान एक प्यादं जिवंत ठेवायचं, त्याला चुकूनही धक्का लावायचा नाही, आणि ते पटावर असताना राजाला मात द्यायची. हरणारा ते प्यादं मुद्दाम मरायला पुढं करतो आणि जिंकणारा त्याला वळसा घालून जातो. या कामात काकांचा हात धरणारं सोलापुरात कुणी नव्हतं. समोरच्याचं शेवटचं प्यादं ते असं जपायचे की बघणाऱ्याला वाटावं त्यांचंच आहे.

आई गेली त्यानंतर अप्पा एकटे राहू लागले. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, रविवारी येऊन जात. म्हणून मी अप्पांच्या घरीच राहायला आले. मला वाटलं, त्यांना दोन वेळचं गरम मिळेल, एवढंच. पण माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. पहाटे उठून, कोट घालून ते नाक्यावर जायला निघत. पेन्शन होऊन वर्षं लोटली, नाक्यावर नवा माणूस आला, हे सांगितलं की ओशाळून कोट काढत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेंगाचटणीची बरणी हातात धरून विचारत, यात काय असतं गं? मला कधीकधी आईला हाक मारत तशी हाक मारत. मी 'ओ' देत असे. पहिल्यांदा दिली तेव्हा मागच्या दारी जाऊन रडले, नंतर सवय झाली.

मी त्यांच्यावर चिडायचे हेही सांगते. आजाराला चिडून उपयोग नसतो हे मला काय कळत नव्हतं? पण एकच गोष्ट सकाळपासून पाचव्यांदा विचारली की माझ्या तोंडून सणसणीत उत्तर जायचं, आणि ते इतक्या नम्रपणे 'बरं बरं' म्हणायचे की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे. माझे अप्पा कुणाला 'बरं बरं' म्हणणारे नव्हते.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि त्यानंतर आमच्या भागातल्या वाचनालयानं बुद्धिबळाच्या सामन्यांची पाटी लावली. अप्पांनी ती वाचली आणि जाऊन नाव देऊन आले. घराची वाट चुकणारा माणूस वाचनालयात बरोबर गेला आणि बरोबर परत आला. मी म्हटलं, काही नको, चारचौघांत शोभा होईल. यजमान त्या रविवारी आले होते, ते म्हणाले, खेळू दे त्यांना, तू काय त्यांना कपाटात ठेवणार आहेस? आमचं चांगलंच वाजलं. तेवढ्यात बातमी आली की चिठ्ठ्या टाकल्या आणि अप्पांची पहिलीच गाठ मागवाल्या काकांशी पडली. काका वर्षभर आमच्याकडे आले नव्हते, त्यांच्या धंद्याच्या व्यापात होते. अप्पांचं काय झालंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मी जाऊन त्यांना सांगून येते.

अप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी मला थांबवलं. त्या दिवशी त्यांचे डोळे अगदी पूर्वीसारखे होते.

"काही सांगायचं नाही त्याला," ते म्हणाले. "मला कळतंय गं, माझं काय चाललंय ते. डोक्यात धूर भरतो. तू खोटं बोलतेस, जावई खोटं बोलतो, वैद्य तर बोलतोच. पटावर मी अजून आहे का नाही, हे मालकच सांगेल. हरवलं तर हरवू दे. पण मला खेळाडू धरून हरवलं तर मी आहे म्हणायचा."

मला त्यातलं सगळं समजलं आणि मी काकांकडे गेले नाही. अप्पांना बक्षीस नको होतं. त्यांना एकाच माणसाकडून खरं ऐकायचं होतं, आणि तो माणूस त्यांच्या मते पटावर खोटं बोलू शकत नव्हता.

सामना दुपारी होता. वाचनालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्या घातल्या होत्या. पंच म्हणून एक वकील होते, विलायती बुद्धिबळाची पुस्तकं वाचलेले, पण सामने देशी नियमांचे म्हणून जरा नाखूषच. बायका तिथं येत नसत. मी मास्तरीण, शिवाय माझ्याशी वाद घालायला कुणाला हौस नव्हती, म्हणून मला पुस्तकांच्या कपाटाशेजारी खुर्ची मिळाली. काका आले ते मोठ्यानं बोलतच. नाकेदार, म्हातारे झाला की हो, म्हणाले. अप्पा हसले.

मग दोघांनी आपापली मांडणी केली. अप्पांचा हात पटावर फिरायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. राजापुढचं प्यादं, वजिरापुढचं प्यादं, उंट, घोडे. कुठं थबकणं नाही, चाचपणं नाही. शर्टाची गुंडी लावताना थरथरणारी तीच बोटं होती ती. नाका जसाच्या तसा उभा राहिला. काकांनी सवयीनं पगडी मागं सारली. कुणीतरी मागून 'भरा जकात' म्हटलं आणि दिवाणखाना हसला. मला वाटलं, यजमानांचं बरोबर होतं, मीच उगीच घाबरले. पाळीनं खेळ सुरू झाल्यावरही काही वेळ सगळं नीट चाललं. काकांनी एक घोडा आत घुसवायला बघितला तो अप्पांनी झटकन परतवला.

मांडणी हाताला पाठ होती. ती संपली आणि अप्पा थांबले. पटाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांनी हात पुढं केला आणि काकांचा हत्ती उचलला.

मागं कुणीतरी फिदकन हसलं. मी वळून बघितलं तसं ते हसणं बंद झालं. पंच काही बोलणार तोच काकांनी हत्ती अप्पांच्या हातातून अलगद घेतला आणि जागेवर ठेवला. "तुमची काळी हायत, नाकेदार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला सगळा डामडौल उतरला होता. अप्पांनी मान हलवली आणि आपलं एक मोहरं हलवलं, ते नेमकं दोन मोहऱ्यांचा जोर सोडून.

त्यानंतर नाका उघडाच पडला. एकेक मोहरं जायला लागलं. काकांनी ते मारायचं, बाजूला ठेवायचं, आणि अप्पांकडे बघायचं. अप्पा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते पटावर इतके वाकले होते की त्यांच्या नाकाचा घाम घरांवर पडत होता. त्यांनी जीव तोडून विचार केला तो मी बघितला. कुणाला वाटेल म्हातारा भांबावला होता. भांबावलेला माणूस असा कष्ट करत नाही. ते धुरातून एकेक घर शोधत होते.

शेवटी अप्पांचा राजा पटाच्या कडेला गेला आणि त्यांच्याकडे एक प्यादं उरलं. काकांचा वजीर होता, एक हत्ती होता, आणखीही काही होतं. आता काय होणार हे दिवाणखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. काका प्याद्याला वळसा घालणार आणि मात देणार. अप्पांची पाळी होती. त्यांनी ते प्यादं एक घर पुढं सरकवलं. ते वजिराच्या समोरच आलं.

काकांनी पटाकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. मी काय चेहरा केला होता कोण जाणे. त्यांनी वजीर उचलला आणि प्यादं मारलं.

"बुर्जी," ते स्वतःच म्हणाले.

क्षणभर कुणाला पटेना. मग टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाकेदारांनी प्याद्याचं आमिष दाखवलं आणि भल्या खेळाडूला फसवलं. वकीलसाहेबांनी डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. काका कपाळावर हात मारून म्हणत होते, डोळा चुकला माझा, म्हातारपण आलं की मलाच. मोठ्यानं म्हणत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी त्यांना तिथंच नमस्कार केला असता, इतकी मी त्यांची ऋणी झाले होते. लोक येऊन अप्पांचा हात धरत होते आणि अप्पा प्रत्येकाला 'बरं बरं' म्हणत होते.

आम्ही टांग्यानं घरी आलो. दिवस अजून मावळला नव्हता. मी आनंदात होते, गोडाचा शिरा करते म्हणाले. रवा भाजता भाजता ओसरीवर मोहऱ्यांचा आवाज आला म्हणून बाहेर आले. अप्पांनी पट मांडला होता. शेवटची स्थिती मांडली होती, त्यांचा राजा, ते प्यादं, समोर काकांची मोहरी, सगळी जिथल्या तिथं. दुपारी काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

"हे प्यादं मी सापळा म्हणून नाही सरकवलं," ते म्हणाले. "दुसरं काही दिसेना म्हणून सरकवलं. आणि त्याचा वजीर इथं होता. तो तिथून हलवायचं कारणच नव्हतं. इकडनं हत्ती आणला की मात होती. लहान पोराला दिसली असती."

मी म्हटलं, डोळा चुकला त्यांचा, तेच म्हणाले ना.

"चाळीस वर्षांत त्यानं कुणाचं शेवटचं प्यादं मारलं नाही." त्यांनी ते प्यादं उचलून हातात धरलं. "मी त्याला विचारलं होतं, त्यानं सांगितलं. मी नाही आता."

आत शिरा करपत होता. मी जाऊन कढई उतरवली आणि तिथंच चुलीपाशी बसून राहिले. मला काकांचा इतका संताप आला की ते समोर असते तर मी त्यांना काय बोलले असते सांगता येत नाही. हरवायचं ना त्या माणसाला. सरळ मात द्यायची आणि पगडी मागं सारून गावभर सांगत सुटायचं, नेहमीसारखं. अप्पा त्या रात्री नीट जेवले असते. भाकरीचे तुकडे ताटात मांडून, कुठं चुकलं ते शोधत बसले असते.

अप्पांनी त्यानंतर पट मागितला नाही. मी एकदा मुद्दाम समोर ठेवला तर त्यांनी तो बाजूला सारला, चिडून नाही, दुसऱ्याचं काहीतरी इथं चुकून पडलंय अशा तऱ्हेनं. काका मात्र दर आठवड्याला यायला लागले. कधी पेरू आणत, कधी बाजारातल्या गप्पा. अप्पा 'या मालक' म्हणत, मला चहा टाकायला सांगत, सुताचा भाव विचारत. डावाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी काकांशी जेवढ्यास तेवढं बोलत असे. त्यांना वाटे, अप्पांच्या आजारपणानं मी अशी झाले. पुढं पुढं अप्पा त्यांना ओळखेनासे झाले, मलाही ओळखेनासे झाले. तरी कुणी आलं की 'या' म्हणायची सवय तेवढी शिल्लक राहिली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दहावं झाल्यावर काका भेटायला आले. घोंगडीवर बसले, अप्पांच्या रिकाम्या बाजेकडे बघत राहिले. मग त्यांनी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"बाई, त्या दिवशी त्येंना कळलं न्हाय न्हवं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण आमच्या घरात पुष्कळ खोटं बोलून झालं होतं, आणि अप्पांना ते आवडलं नव्हतं.

"त्याच संध्याकाळी कळलं," मी म्हटलं. "डाव परत मांडून बघितला त्यांनी. तुम्ही हरवाल तर ते अजून आहेत, असं त्यांनी धरलं होतं. तुम्ही प्यादं मारलंत, तेव्हा ते संपले."

काकांनी डोक्यावरची पगडी काढून घोंगडीवर ठेवली.

"मला त्येंची शोभा बगवंना की," ते म्हणाले. "म्हून मारलं. मग हरवायलाच पायजे होतं व्हय मी त्येंना?"

"हो," मी म्हणाले. "हरवायला पाहिजे होतं."

त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडू दिलं.